फूटभर बांधाचा हिशेब

मे संपत आला की गावोगाव बांधावर चार-पाच माणसं हातवारे करत उभी दिसतात. "आबा, फूटभर आत आलास तू!" नांगरट झालेली, पाऊस तोंडावर. माझं स्पष्ट मत आहे की यातली बहुतेक भांडणं पाचव्या मिनिटाला तिथंच टाकून घरी जावं अशीच असतात.

आकडे मांडा. बांध 330 फूट लांब, फूटभर कोरला, म्हणजे गेली 330 चौरस फूट. गुंठा 1089 चौरस फुटांचा, तेव्हा गुंठ्याचा तिसरा हिस्साही नाही. एकरी 40 टन ऊस आणि टनाला 3000 रुपये धरले तर त्या पट्ट्यात वर्षाला 900 रुपयांचा ऊस, तोही खर्च न वजा करता. कोर्टाच्या एका तारखेला याहून जास्त जातात. जमिनीचा भाव एकरी 20 लाख असला तर पट्टा साधारण 15 हजारांचा. हायवेलगतचं रान असेल तर आकडा फुगेल, पण आधी हिशेब करा, मग आवाज चढवा.

दुसरं म्हणजे, भांडताना दोघांच्याही हातात सातबारा असतो आणि सातबाऱ्यावर हद्द नसतेच. तिथं फक्त क्षेत्र. हद्द असते भूमी अभिलेख खात्याच्या नकाशात. त्यातही दोघं एकाच गटातले भाऊबंद असले आणि पोटहिस्सा मोजणी (गटातल्या प्रत्येकाच्या वाट्याची वेगळी मोजणी) कधी झालीच नसली, तर तुमच्या दोघांमधली रेघ कुठल्याच कागदावर काढलेली नाही. जी रेघ नाही ती ओलांडली की नाही, यावर रात्रभर भांडा, उत्तर निघणार नाही. तिथं आधी रीतसर वाटप आणि पोटहिस्सा मोजणी.

निघायची वेळ ओळखायला एकच प्रश्न पुरतो: "मोजणी करू, खर्च निम्मा-निम्मा, चालेल?" हो म्हणाला तर भांडण संपलंच. "माझ्या आजाने घातलेला बांध आहे, मोजायचं काय त्यात" असं उत्तर आलं की समजा, विषय जमिनीचा राहिलेला नाही. आता तिथंच उभे राहिलात तर कुणीतरी दगड उचलणार आणि दिवाणी प्रकरण फौजदारी होणार.

पण जाण्याआधी बांध नीट बघा. ताजा कोरलेला बांध लपत नाही. कापलेल्या बाजूला ओली काळी माती दिसते आणि हराळीची पांढरी मुळं तुटून लोंबत असतात. हद्दीचा दगड जागेवर आहे का, तेही बघा. दोन-चार फोटो काढा, लेखी हरकत द्या, पोच घ्या. तोंडाचं भांडण सोडायचं, कागदाचं नाही. कारण दुसऱ्याने तुमच्या जमिनीवर उघडपणे, मालक म्हणून 12 वर्षं ताबा ठेवला आणि तुम्ही गप्प बसलात, तर पुढं दावा अडचणीत येतो.

मोजणीचा अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. उभ्या उसात मोजणी जमत नाही, म्हणून तारीख रान मोकळं असताना येईल असा बेत करा. झाल्यावर मोजणी नकाशाची 'क' प्रत मागून घ्या, तिच्यात नकाशाची हद्द आणि प्रत्यक्षातली वहिवाट दोन्ही दिसतात. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, आहे. एक गैरसमज मात्र सगळीकडे आहे: मोजणीला येणारा भूकरमापक हद्द दाखवतो, ताबा काढून देत नाही.

काही ठिकाणी मात्र अजिबात माघार घेऊ नका. वहिवाटीचा रस्ता किंवा पाटाचं पाणी अडवलं, तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दावा टाका. नंतर तो दरवाजा बंद.

एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं 12 वर्षांहून जास्त चाललं असेल, तर 2023 मध्ये सुरू झालेली सलोखा योजना आहे. अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क 1000 आणि नोंदणी फी 1000. सध्याची मुदत तलाठ्याकडे विचारून घ्या.

आणि पुष्कळदा बांध शेजाऱ्याने कोरलेलाच नसतो. ट्रॅक्टरवाला एकराच्या दराने नांगरतो, रात्री दिव्याच्या उजेडात फाळ बांधाला घासून नेतो. दरवर्षी चार बोटं. नांगराआधी बांधाच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, मध्ये सुतळी ताणा, दोन्हीकडे वीतभर रान न नांगरता सोडा आणि ट्रॅक्टरवाल्याला शेजाऱ्यासमोरच सांगा, "सुतळीपासून वीतभराच्या आत फाळ आला तर भाडं मिळणार नाही."