गाणे थांबले की प्लेअरनेही थांबले पाहिजे

गाणी ऐकण्यासाठी किंवा व्हिडिओ पाहण्यासाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरने तेवढेच काम करावे आणि आपण ते बंद केले की पूर्णपणे थांबावे, ही अपेक्षा मला मुळीच अवाजवी वाटत नाही. तरीही मीडिया प्लेअर बनवणाऱ्या कितीतरी कंपन्यांनी ती वर्षानुवर्षे धुडकावली आहे. प्लेअरच्या सोबतीने अपडेट शोधणारा, जाहिरातींचे निरोप दाखवणारा किंवा प्लेअर झटकन उघडावा म्हणून आधीच मेमरी अडवून बसणारा एखादा प्रोग्रॅम संगणकात शिरतो आणि विंडोज सुरू झाल्याबरोबर कामाला लागतो.

नागपूरच्या प्रतापनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका काकूंच्या लॅपटॉपवर हा प्रकार मी नुकताच जवळून पाहिला. लॅपटॉप जुना, चार जीबी रॅमचा आणि साध्या हार्ड डिस्कचा आहे. सकाळी त्यावर भजन लावायचे म्हटले, तर फाइल सुरू होईपर्यंत काकूंची पूजा आटोपत असे. चालू प्रोग्रॅम दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला तेव्हा डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवरून खाली येत नव्हता, आणि विंडोजबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे स्टार्टअपच्या यादीत एकाच प्लेअरशी संबंधित तीन नोंदी होत्या, त्यांतल्या एकीपुढे तर प्रकाशकाचे नावही नव्हते. ‘‘मी तर फक्त भजन लावते नं, हे बाकीचं कोणी टाकलं?’’ असे काकूंनी विचारले. इन्स्टॉल करताना कंपनीने आधीच टिक करून ठेवलेल्या चौकटींतून ते आले होते, आणि ‘नेक्स्ट’ दाबत पुढे जाणाऱ्या माणसाच्या नजरेला त्या चौकटी पडू नयेत अशीच त्या पडद्याची मांडणी होती. मला खरा राग आला तो पुढे. प्लेअर रीतसर अनइन्स्टॉल करून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तरी त्याचा अपडेट शोधणारा भाग ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये ठाण मांडून होता. ज्या घरातून पाहुण्याला निरोप दिला, तिथे त्याने आपला माणूस ठेवून जावे, असा हा व्यवहार आहे.

असा व्यवहार नवा नाही. रिअलप्लेअरचा ‘रिअलशेड’ आणि अ‍ॅपलच्या क्विकटाइम या प्लेअरचा ‘क्यूटीटास्क’ या मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमची नावे जुन्या विंडोज वापरणाऱ्यांना पाठ असतील, कारण स्टार्टअपची यादी दाखवणाऱ्या एमएसकॉन्फिगमध्ये त्यांची टिक काढली तरी प्लेअर पुन्हा उघडल्यावर ती परत येत असे. जानेवारी २००८ मध्ये घातक सॉफ्टवेअरबद्दल सावध करणाऱ्या स्टॉपबॅडवेअर या उपक्रमाने रिअलप्लेअरच्या १०.५ आणि ११ या आवृत्त्यांना उघडपणे ‘बॅडवेअर’ ठरवले. पहिल्या आवृत्तीतील निरोप केंद्र जाहिराती दाखवते हे नीट सांगितले जात नव्हते, आणि दुसऱ्या आवृत्तीसोबत येणारे रॅप्सडी या ऑनलाइन संगीत सेवेचे इंजिन प्लेअर काढल्यावरही मागे राहत होते. त्याच वर्षी मार्चमध्ये अ‍ॅपलच्या अपडेट प्रोग्रॅमने विंडोजवर आयट्यून्स हा प्लेअर वापरणाऱ्यांपुढे सफारी ब्राउझर आधीच टिक करून ठेवला, तेव्हा फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे तत्कालीन प्रमुख जॉन लिली यांनी त्यावर जाहीर टीका केली. त्यांचा मुद्दा मला आजही पटतो: सुरक्षेचे अपडेट म्हणून लोक ज्या खिडकीवर विश्वास ठेवतात, तिच्यातून नको असलेला माल खपवला की लोक खऱ्या अपडेटवरचाही विश्वास सोडून देतात.

अपडेटसाठी मागे काहीतरी चालू ठेवावेच लागते, असे कंपन्या सांगतात. अपडेट आवश्यक आहेत हे मला पूर्ण मान्य आहे. विंडोजवरील क्विकटाइमला अपडेट देणे अ‍ॅपलने थांबवल्यावर त्यातील सुरक्षेच्या दोन उणिवा उघड झाल्या आणि एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने तो काढूनच टाकण्याचा सल्ला दिला, यावरून जुना प्लेअर किती धोक्याचा असतो ते कळते. पण त्यासाठी दिवसभर जागे राहणारा प्रोग्रॅम कशाला हवा? व्हीएलसी हा ना-नफा संस्थेचा मोफत प्लेअर पहिल्यांदा उघडताना नवीन आवृत्ती तपासू का असे विचारतो, आणि पुढची तपासणी तो आपण उघडल्यावर करतो. अशा संस्थेला जे जमते, ते मोठ्या कंपन्यांना न जमण्याचे काही कारण नाही. आयफोन जोडला गेला हे ओळखण्यासाठी आयट्यून्सचा मदतनीस मागे चालू असतो, त्याला अर्थ आहे. मात्र ज्याच्याकडे आयफोनच नाही, त्याच्या संगणकावर त्याचे काय काम?

हे प्रोग्रॅम आवरायचे असतील तर एकाच ठिकाणी पाहून भागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये नोंद डिसेबल करावी. मग मागे चालणाऱ्या सेवांच्या, म्हणजे सर्व्हिसेसच्या यादीत आणि टास्क शेड्युलरमध्ये त्याच कंपनीचे नाव शोधावे, कारण बहुतेक वेळा हट्टी प्रोग्रॅम तिथूनच परत येतो. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर मोफत मिळणारे ऑटोरन्स हे साधन या सगळ्या जागा एकत्र दाखवते, आणि त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याची सोय असल्याने विंडोजच्या कामाच्या गोष्टींना हात लागत नाही. नोंद आधी फक्त बंद करावी, काही दिवस सगळे सुरळीत चालले तरच काढावी.

सीताबर्डीत जे संगणक जोडून देतात, त्यांच्याशीही मला बोलायचे आहे. ग्राहकाला खूश करण्यासाठी दोन-तीन मोफत प्लेअर टाकून दिले जातात, आणि ते अनेकदा मूळ संकेतस्थळाऐवजी भलत्याच डाउनलोड साइटवरून आणलेले असतात. २०२२ मध्ये व्हीएलसीचे संकेतस्थळ आपल्या देशात कित्येक महिने अडवले गेले होते, त्या काळात ही सवय अधिकच वाढली असावी; पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती बंदी उठली आहे. तेव्हा प्लेअर मूळ ठिकाणाहूनच घ्यावा आणि मशीन देण्यापूर्वी स्टार्टअपची यादी ग्राहकाला उघडून दाखवावी.

कंपन्यांसाठी मात्र विनंती पुरेशी नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या पडद्यावरच्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांत असे १३ प्रकार नोंदवले. मूळ हवी असलेली गोष्ट मिळवण्यासाठी ग्राहकाला असंबद्ध सेवा घ्यायला भाग पाडणे हा त्यांतलाच एक प्रकार आहे. इन्स्टॉल करताना असे काही दिसले, तर त्या पडद्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काकूंच्या वतीने मीही ती नोंदवत आहे.