रविवार आहे, फोडणी बंद!

आठवडाभर युनिव्हर्सिटीत राबायचं, लायब्ररीत डोळे फोडायचे, आणि शनिवार उजाडला की वाटतं, चला, दोन दिवस तरी आपले. कसले डोंबलाचे आपले! होस्ट फॅमिलीकडे राहणाऱ्यांचा वीकेंड फ्रिजवर चिकटवलेल्या नियमांच्या कागदाच्या मालकीचा असतो.

जर्मनीत म्युनिकजवळच्या एका गावात राहते मी, एका जर्मन कुटुंबाच्या घरात भाड्याने. बायर्न या आमच्या राज्यात शनिवारी रात्री आठला दुकानं बंद, ती थेट सोमवारी उघडणार. कांदा संपला? बसा बोंबलत. म्युनिकच्या मुख्य स्टेशनातली दुकानं रविवारी चालू असतात म्हणे. म्हणजे एका कांद्यासाठी मी एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, शहर गाठू? साताऱ्यात आमचा वाणी अर्धं शटर ओढल्यावरही आतून पाव किलो साखर काढून देतो हो!

रविवारच्या विश्रांतीला इथे चक्क राज्यघटनेचं संरक्षण आहे. जर्मनीच्या जुन्या, १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम १९४९ च्या घटनेत जसंच्या तसं घेतलंय. बरं, दुकानात राबणाऱ्यांना सुट्टी हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. काचेच्या बाटल्या रविवारी रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, खळ्ळकन आवाज होतो, तेही ऐकलं. पण त्या कलमात माझे मोजे कुठे आले? वॉशिंग मशीन तळघरात, दार बंद केलं तर वर मुंगीलाही ऐकू येत नाही. तरी रविवारी नाही. शनिवारी दुपारी त्यांचे कपडे. शनिवारी सकाळी मी झोपायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि फोडणी! परवा वरणाला फोडणी देत होते. तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडतोय न पडतोय तोच होस्ट काकू हजर. चेहऱ्यावर ते गोड हसू. एक शब्द न बोलता त्यांनी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली, मग बैठकीची, मग जिन्यातली. बाहेर शून्याखाली तापमान! मी जॅकेट घालून, टोपी ओढून वरण ढवळतेय आणि काकू शेजारी उभ्या राहून सुगंधी मेणबत्ती पेटवतायत. त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे पाहुणे आले आणि टेबलावर राक्लेट, म्हणजे वितळवलेल्या चीजचा बेत, मांडलं. तीन तास चीज वितळतंय, घरभर न वाळलेल्या मोज्यांसारखा वास, माझ्या उशीलासुद्धा! तेव्हा एक तरी खिडकी उघडली का? नाव नको.

इतर दिवशी संध्याकाळी सहाला थंड पाव, चीज, काकडीचे काप. झालं जेवण. आठनंतर स्वयंपाकघरात जायचं नाही. नऊला पोटात कावळे ओरडायला लागतात, मग खोलीत बसून चोरासारखा चिवडा खायचा. तोही हळू, कुरकुर आवाज होतो ना!

घरी फोन करायचा तर आणखी पंचाईत. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे, म्हणजे इथे सकाळचे आठ वाजले की तिकडे साडेबारा, सगळे घरात सापडतात. पण आमच्याकडे हळू बोलायची पद्धत नाही, आजीला ऐकू येत नाही. इकडे मी पांघरुणात डोकं खुपसून कुजबुजतेय, तिकडून आई, "अगं बरं नाहीये का तुला? आवाज का असा येतोय?" आता काय सांगू, रविवार आहे म्हणून?

"मग सोड ना ते घर," असं सांगणाऱ्यांनी आधी म्युनिकमध्ये खोली शोधून दाखवावी. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी सेमिस्टरमध्ये मोजतात. म्हणून दर महिन्याला भाडं मोजून वर "हे तुझंच घर समज" ऐकून घ्यायचं. माझं घर असतं तर मी बारा वाजेपर्यंत लोळले असते, काकू!

आणि आत्ता, हे लिहिता लिहिता, दारावर टकटक. काकू! उद्या डोंगरावर पायी फिरायला जायचंय, सकाळी सातला निघू, येशील ना? बाहेर पाऊस पडतोय म्हटलं, तर म्हणे हवा कधीच वाईट नसते, कपडे चुकीचे असतात. मंगळवारी माझी परीक्षा आहे आणि कपडे अजून ओले आहेत, कारण सकाळी मशीन काकांच्या सायकलिंगच्या कपड्यांना हवं होतं!