बायकोकडे किती वेळ बघायचं?

जानेवारी २०२५ मध्ये 'एल अँड टी'चे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ते वाक्य व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत आमच्या स्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात पोचलं, तेव्हा मी जिना पुसून नुकताच वर आलो होतो. घरी बसून करता काय, बायकोकडे किती वेळ बघत बसणार, त्यापेक्षा आठवड्याला नव्वद तास काम करा, रविवारीही करा, असा एकूण आशय. शाळेच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. 'आपण घासलीच ना' म्हणणारे एका बाजूला, बीपीच्या गोळ्या खाणारे दुसऱ्या बाजूला. काही जण दोन्हीकडे. मी परदेशस्थ, तेव्हा 'आमच्याकडे जर्मनीत' असं सुरू होणारा लांबलचक मेसेज टाकला आणि भरपूर अंगठे मिळवले.

बायकोने तो वाचला. म्हणाली, "आणि तू बघतोस?"

"काय?"

"माझ्याकडे."

मेसेजमध्ये खोटं काही नव्हतं. इथे रविवार खरंच राज्यघटनेत आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम १३९ आजच्या घटनेत जसंच्या तसं उचलून घेतलंय आणि त्यानुसार रविवार हा कामापासून विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून संरक्षित आहे. दुकानं बंद. गवत कापायचं यंत्र लावायचं नाही, काचेच्या बाटल्या डब्यात खळ्ळकन टाकायच्या नाहीत. कामाचे तास दिवसाला आठ, फार तर दहा, तेही सरासरी पुन्हा आठवर आणण्याच्या अटीवर. गंमत म्हणजे त्याच वर्षी मे महिन्यात इथले चॅन्सलर फ्रीडरिश मेर्त्स यांनीही सुनावलं, की चार दिवसांचा आठवडा आणि वर्क-लाइफ बॅलन्स यांवर देशाची समृद्धी टिकायची नाही. म्हणजे साहेब इथून तिथून सारखेच. फरक इतकाच, की इथल्या साहेबाला कायद्याला वळसा घालून बोलावं लागतं.

पण घटनेने दिलेला रविवार मी पहिली दहा वर्षं कसा घालवला, ते मेसेजमध्ये नव्हतं. सोफ्यावर, लॅपटॉप पोटावर ठेवून. मेल पाठवायचे नाहीत, फक्त वाचायचे, एवढीच मनाची उन्नती.

मुलगा तीन वर्षांपूर्वी शिकायला आखेनला गेला आणि घर एकदम मोठं झालं. मग गोट्या आला. हा मूळचा रुमानियाच्या रस्त्यावरचा. तिथल्या भटक्या कुत्र्यांना जर्मनीत घरं शोधून देणाऱ्या संस्था आहेत, त्यांतल्या एकीकडून आणला. आता तो नगरपालिकेचा करदाता आहे, म्हणजे कर मी भरतो आणि बिल्ला तो मिरवतो. कुत्र्याला रोज निदान दोनदा, मिळून तासभर बाहेर न्यायची सक्ती करावी, असा प्रस्ताव कृषिमंत्री युलिया क्लोक्नर यांनी २०२० मध्ये आणला होता. तपासणार कोण, म्हणून देशभर थट्टा झाली आणि अंतिम नियमात तासाचा आकडा राहिला नाही. गोट्याला मात्र मूळ मसुदाच मान्य आहे.

तर तो तासभर आम्ही दोघं चालायला लागलो. सव्वीस वर्षांच्या संसारात एकमेकांना सांगायचं राहिलेलं फारसं काही नसतं. हीटिंगचं बिल, मुलाची परीक्षा, गोट्याचे कान. पण काही महिन्यांनी एक गोष्ट लक्षात आली. वळणावर गोट्याने ओढाताण केली आणि आमच्या जागा बदलल्या, की ती दोन पावलं मागे पडते आणि पुन्हा माझ्या डावीकडे येते. दरवेळी. एकदा विचारलं, तर म्हणाली, "डाव्या कानाने कमी ऐकू येतं रे." कधीपासून? "झाली असतील दोन वर्षं." दोन वर्षं मी तिच्या डाव्या बाजूला झोपत होतो आणि उत्तर आलं नाही की रागावली आहे असं समजत होतो. बऱ्याचदा ती खरंच रागावलेली असे, ते सोडा. पण किती वेळ बघायचं या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर मिळालं. मला दोन वर्षं पुरली नाहीत.

हे ग्रुपवर टाकलं नाही. तिथे अजून तासांचा हिशोब चालू होता आणि त्यातली एक चूक मला मेसेज टाकतानाही ठाऊक होती.

पुण्यात नोकरीला होतो तेव्हा मीही आठवड्याला सहज साठ तास भरायचो. भरू शकायचो, कारण पोळ्यांना मावशी होत्या, भांडी-फरशीला दुसऱ्या मावशी, मुलाला आई. मी दमून घरी यायचो आणि पुढ्यात ताट यायचं. नव्वद तासवाले आणि त्यांचे विरोधक, दोघंही हे ताट हिशोबात धरत नाहीत. इथे स्वाबियन, म्हणजे आमच्या या भागातल्या, लोकांची 'केरवोखे' नावाची पद्धत आहे. इमारतीचा जिना आणि अंगण झाडायची पाळी, दर आठवड्याला घर बदलत. पाळी आली की शेजारीण आपल्या दारावरची पाटी आमच्या दाराला अडकवते. केर काढायचा आठवडा म्हणून केरवोखे, व्युत्पत्तिकार काहीही म्हणोत. बारा वर्षं मी तो जिना झाडतोय, आणि मावशींच्या गुडघ्यांबद्दल पहिल्यांदा विचार केला तो याच जिन्यावर. आपल्या रविवारी त्या येतात. रविवारी तर पाहुणे असतात, उलट लवकर येतात.

हिंदुस्थानातला रविवार काही साहेबाने प्रेमाने दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना घेऊन तो १० जून १८९० रोजी मिळवला. त्याआधी त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत कामगारांची जी मोठी सभा झाली, तिच्यात दोन कामकरी बायकाही बोलल्या होत्या. खंडोबाचा वार म्हणून रविवार, आणि सहा दिवस मालकाचे, तर एक दिवस समाजाची कामं करायला हवा म्हणून. म्हणजे सुट्टी मागतानाही काम डोक्यात होतंच. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मंजुरी दिली, तेव्हा ग्रुपवर एकाने लोखंड्यांचा फोटो टाकला. त्यावर एकाने विचारलं, हे कोण?

आणि माझा हा घटनादत्त रविवार? तो साताऱ्यात ताईच्या नावावर खर्च पडतो. आई ब्याऐंशीची. ताई शाळेत शिकवते. शनिवार-रविवार आईची औषधं, बँक, डोळ्यांचे डॉक्टर, गिझर बिघडला की प्लंबर. मी रविवारी फोन करतो, इथले अकरा म्हणजे तिथले उन्हाळ्यात अडीच, तेव्हा ताई नुकती जेवायला बसलेली असते. मी विचारतो, काय चाललंय? ती म्हणते, काही नाही, निवांत.

इथल्या २०२५ च्या उन्हाळ्यात आईला सांगत होतो, की दिवाळीत दोघं येतोय, पण तीनच आठवडे. गोट्याला सांभाळणारी बाई त्याहून जास्त ठेवून घेत नाही. तेव्हा तिकडे भटक्या कुत्र्यांवरून रण पेटलं होतं. सुप्रीम कोर्टाने ऑगस्टमध्ये दिल्लीचे सगळे कुत्रे निवाऱ्यात टाका म्हटलं आणि ११ दिवसांत ते बदलून नसबंदी-लसीकरण करून जिथले तिथे सोडा म्हटलं. आईच्या फाटकाशी झोपणारा काळ्या पाच घरी जेवतो, कुणाचाच नाही. आईला एकूण प्रकरणात रस होता. तिने विचारलं, "तुम्ही निघून आलात की गोट्याला कळतं का रे, परत जाणार आहात ते?"

"त्याला कुठलं कळायला. दारात बसून राहतो म्हणे."

"मला कळतं," आई म्हणाली. "म्हणून मला ठेवता येतं."

हसत म्हणाली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं.

कुटुंब मोडून परदेशात सुखी झालेले, असं आमच्याबद्दल तिकडे लिहिलं जातं, आणि तिकडे माणसाला माणूस बघत नाही, असं आम्ही इथे जेवणाच्या टेबलावर बोलतो. दोन्ही ऐकायला बरं वाटतं. मला एवढंच दिसतं, की माझी फुरसत आणि ताईची धावपळ एकाच पासबुकात आहे आणि इतकी वर्षं काढत मीच आलोय.

दिवाळीला शेवटी मी एकटाच गेलो, साठवलेली रजा धरून पाच आठवडे. गोट्या बायकोकडे, केरवोखेची पाटी शेजारणीशी अदलाबदल करून. कधी नव्हे ते बायकोकडे रोज व्हिडिओवर तासभर बघत बसलो, तिच्या उजव्या कानाला फोन. ताईला आधीच सांगितलं होतं, की पाचही आठवडे आईचं सगळं माझ्याकडे, तू कुठेतरी जाऊन ये. तिकिटं मी काढतो. कोकण, केरळ, कुठेही.

"कुठेच नाही जायचं," ती म्हणाली. "घरी झोपते."