जमीन कोणाच्या नावावर?

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास व्हावा की नाही, यावर गेले वर्षभर खल चालू आहे. कोणता बिल्डर घराचे किती वाढीव क्षेत्रफळ (कार्पेट) देतो, सभासदांना एकरकमी निधी (कॉर्पस) किती, बांधकाम होईपर्यंत भाडे किती, हे बाबा मला दर रविवारी फोनवर सांगतात. मी बॉस्टनमध्ये नेमके काय काम करते, हे मागच्या महिन्यात त्यांना समजावून सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "जमीनच आपली नसेल, तर ते घर आपले कसे?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी ज्या स्वयंसेवी संस्थेत इंटर्नशिप करते, ती इथल्या सामुदायिक लँड ट्रस्टना करारमदार, हिशेब आणि रहिवाशांचे प्रशिक्षण यांत मदत करते. लँड ट्रस्ट जमीन मिळवतो आणि ती कधीही विकत नाही. तिच्यावरचे घर मात्र कुटुंब स्वतः विकत घेते आणि जमीन त्याला बहुधा 99 वर्षांच्या, नूतनीकरण करता येणाऱ्या भाडेपट्ट्याने मिळते. घर वारसांकडे जाते आणि विकताही येते, पण किंमत बाजार ठरवत नाही, करारातले सूत्र ठरवते. कारभार पाहणाऱ्या मंडळात रूढ पद्धतीनुसार एक तृतीयांश सदस्य ट्रस्टच्या घरांत राहणारे, एक तृतीयांश आसपासच्या वस्तीतले आणि उरलेले व्यापक लोकहित पाहणारे असतात.

एका संध्याकाळी बस चालवणाऱ्या एका बाईंना मी हे सूत्र समजावून सांगत होते. समजा, चार लाख डॉलरचे घर तुम्हाला अडीच लाखांत मिळाले आणि काही वर्षांनी त्याची बाजारातली किंमत पाच लाख झाली. तर वाढलेल्या एक लाखापैकी 25 टक्के, म्हणजे पंचवीस हजार तुमचे, आणि गृहकर्जाचे फेडलेले मुद्दलही तुमचेच. त्यांनी तो आकडा माझ्या कॅल्क्युलेटरवर स्वतः पुन्हा काढून पाहिला. "आणि बाकीचे पंचाहत्तर?" ते पुढच्या कुटुंबासाठी घरातच राहतात, म्हणून त्यालाही घर परवडते, असे मी म्हटले. त्यांनी बराच वेळ कागदावरची नजर काढली नाही. अखेर त्यांनी सही केली, पण त्यांचा प्रश्न रास्त होता आणि तो माझ्या मनातून गेलेला नाही.

या कल्पनेचे एक मूळ आपल्याकडे आहे, हे मला इथे येऊन कळले, याची खंत वाटते. 1951 मध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झाले, त्यातून पुढे ग्रामदान आले : जमिनीची मालकी गावाची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा. विनोबांचा हा विचार डोळ्यांसमोर असलेल्या कार्यकर्त्यांनी 1969 मध्ये जॉर्जिया राज्यात, नागरी हक्कांच्या चळवळीतून, 'न्यू कम्युनिटीज' ही लँड ट्रस्टच्या धर्तीची संस्था उभी केली. मतदार म्हणून नाव नोंदवल्याबद्दल जमिनीवरून हुसकावले गेलेले कृष्णवर्णीय शेतकरी तिच्या केंद्रस्थानी होते. जवळपास 5,700 एकर जमीन होती. दुष्काळ आणि सरकारी कर्जात झालेला भेदभाव यांमुळे 1985 मध्ये ती हातची गेली. कल्पना मात्र तोवर रुजली होती. बॉस्टनच्या डडली स्ट्रीट भागात तर रहिवाशांच्या संघटनेला 1988 मध्ये ओसाड पडलेले खासगी भूखंड सक्तीने संपादित करण्याचा अधिकार मिळाला. आणि आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने 2013 मध्ये सगळी जमीन ग्रामसभेच्या नावे केली, तेव्हा पुण्यात त्याची चर्चा मी तरी ऐकली नाही.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. आमची इमारत पस्तीस वर्षांची आहे आणि जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे ती सोसायटीच्या नावावर करणे, बिल्डरने करून दिलेच नाही. 1963 च्या कायद्याने ते त्याचे कर्तव्य होते. म्हणजे इतकी वर्षे आम्ही दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीवर निर्धास्त राहिलो आणि पुनर्विकासाचा विषय निघाल्यावरच मानीव अभिहस्तांतरणाच्या, म्हणजे बिल्डरशिवायच जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याच्या, अर्जाची धावपळ सुरू झाली. आम्हाला स्थैर्य सातबाऱ्याने दिले नव्हते. आम्हाला कोणी उठवणार नाही या भरवशाने दिले होते. तो भरवसा कायद्याने पक्का करता आला, तर विक्रीचा अनिर्बंध हक्क नसलेले घरसुद्धा घरच असते, असे मी आता ठामपणे मानते.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत राहतात. फोटोपास (झोपडीधारकाचे सरकारी ओळखपत्र), जुनी वीजबिले आणि शिधापत्रिका त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवली आहेत आणि सर्वेक्षणाची कुणकुण लागली की त्या ती पिशवी काढून एकेक कागद मोजतात. झोपडपट्टी पुनर्वसनात बिल्डरला वाढीव बांधकामाचा हक्क मिळतो आणि झोपडीधारकाला फुकट सदनिका. ती ठरावीक वर्षे विकता येत नाही. नंतर मात्र ती बाजारात जाते आणि गरिबांसाठी राखलेले घर कायमचे गरिबांच्या हातून सुटते. अशी जमीन जिथे सरकारी किंवा महापालिकेची आहे, तिथे ती वस्तीच्याच ट्रस्टकडे राहावी, असे माझे मत आहे. इथल्या ट्रस्टना जमिनीसाठी देणग्या आणि अनुदाने गोळा करण्यात वर्षे घालवावी लागतात, म्हणून त्यांची घरे गरजेच्या मानाने फार थोडी आहेत. पुण्यात अशा ठिकाणी निदान जमीन विकत घ्यावी लागणार नाही.

दोन अडचणी मला खऱ्या वाटतात. 'ट्रस्ट' म्हटले की आपल्याकडे एका कुटुंबाच्या मुठीतली संस्था आठवते. तेव्हा मंडळाची रचना आणि निवडणूक कायद्यातच बांधून घेतली नाही, तर सगळे व्यर्थ आहे. दुसरी अडचण मावशींनीच मांडली. मी फोनवर त्यांना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, तुमचा फ्लॅट दुप्पट भावाला जाणार आणि आमच्यावरच बंधन का?" त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. नफ्यावर मर्यादा घालायचीच असेल, तर तिची सुरुवात ज्यांच्याकडे सर्वांत कमी आहे त्यांच्यापासून होऊ नये. आमच्यासारख्या सोसायट्यांनी पुनर्विकासात मिळणाऱ्या वाढीव बांधकामातली काही घरे तरी अशा अटींवर ठेवायला हवीत.

बाबांना हे अजून पटलेले नाही. पण सोसायटीच्या येत्या सभेत जमीन आज नेमकी कोणाच्या नावावर आहे, हे आधी सर्वांना दाखवायचे, एवढे त्यांनी मान्य केले आहे आणि प्रॉपर्टी कार्डाच्या उताऱ्यासाठी अर्जही केला आहे.