पगारी पाळकाचं उत्तर

सलाम.

मी चर्चचा पाळक. ‘उद्याची चिंता’ या माझ्या मागच्या लेखाखाली मंगळवारी रात्री पावणेबाराला एक प्रतिक्रिया आली. नाव नाही, नुसतं ‘एक वाचक, सोलापूर’. चांगली लांबलचक आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्या पाळकसाहेबांनी हातावर पोट असणाऱ्यांना ‘चिंता करू नका’ म्हणणं फार सोपं आहे, हे पहिलं वाक्य. मग, बायबलमधल्या यिर्मयाचं वचन मी अर्धं कापून वापरलं. पौलानं फिलिप्पैकरांस पत्र रोमच्या तुरुंगातून लिहिलं असं ठोकून दिलं. लेखात ज्या बहिणीचा उल्लेख आहे, जिला रात्र रात्र झोप लागत नाही, तिला प्रार्थना करायला सांगितलं पण डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात मुली वाचवल्या, आजचे पाळक मोबाइलवर गोड गोड लिहितात. थोडक्यात माझं लिखाण म्हणजे ‘साखरेत घोळलेली गोळी’. शेवटी माझ्या बायकोच्या नोकरीवर एक ओळ आहे, तिच्याकडे नंतर येतो.

आधी जे मान्य आहे ते मान्य करून टाकतो. रोमचं तुमचं बरोबर आहे. पौल बेड्यांत होता हे पत्रातच आहे, पण गावाचं नाव पत्रात नाही. जुनी समजूत रोमची, काही अभ्यासक इफिस म्हणतात, काही कैसरिया. मी ‘रोमच्या तुरुंगातून’ असं ठामपणे लिहायला नको होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी सुधारतो, मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली माणसं हे जाणतात. तुरुंग कुठल्याही गावचा असो, आत डास सारखेच असणार, पण असो.

आता ‘पाळकसाहेब’. सोलापुरात ‘साहेब’ दोन तऱ्हेनं म्हणतात. एक, बँकेत काम असलं की. दुसरा, समोरच्याला चिमटा काढायचा असला की. तुमचा दुसऱ्या प्रकारचा आहे हे कळायला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, जावं लागत नाही. मला मंडळीत कुणी पाळकसाहेब म्हणत नाही. म्हातारी माणसं ‘पाळकबाबा’ म्हणतात, तरुण पोरं ‘पास्टर’. लहानपणीचे दोन मित्र अजून ‘का बे’ म्हणून हाक मारतात आणि मला ती आवडते. टीका करायची तर करा. पण रात्री पावणेबाराला, नाव झाकून, ‘साहेब’ लावून केलेली टीका ही टीका असते की आणखी काही, याचा विचार तुम्हीच करा. मी प्रत्येक लेखाखाली माझं नाव घालतो. मंडळीचं नाव घालतो. रविवारी नऊ वाजता मी कुठं उभा असतो हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

आणि सोपं? ‘चिंता करू नका’ म्हणणं मला सोपं?

माझ्या आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. पूर्व भागात, दहा बाय बाराच्या खोलीसमोरच्या बोळात, तेलुगू बोलणाऱ्या अक्कांच्या रांगेत बसून. आदल्या रात्री तेंदूपान भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं, हे काम माझ्याकडे. सकाळी आई पत्र्याच्या मापावर पान कात्रीनं कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पानावर चिमूटभर टाकायची, अंगठ्यानं वळायची, दोऱ्याचे वेढे द्यायची आणि नखानं तोंड दुमडायची. हे सगळं बोलता बोलता, हाताकडे न बघता. पंचवीसची एक जुडी, चाळीस जुड्यांच्या हजार विड्या. हजारावर मजुरी. संध्याकाळी कारखान्यात न्यायच्या. तिथला तपासणारा जुडी मुठीत धरून दाबायचा, चार-सहा विड्या बाजूला काढायचा आणि तिच्यासमोर मोडून टाकायचा. त्या गेल्या. दिलेलं पान कमी पडलं तर बाहेरून विकत घ्यायचं, तेही तिच्याच पैशातून. मी सातवीत असताना एकदा पावसाळ्यात पान सादळलं आणि एका दिवसात साठ विड्या मोडल्या गेल्या. परतताना आई रस्ताभर बोलली नाही. घरी आल्यावर चुलीजवळ बसून म्हणाली, “उद्याचं उद्या बघू. आधी पान भिजव जा.” मी भिजवलं. तिच्या कपड्यांना, केसांना, आमच्या अंथरुणालासुद्धा तंबाखूचा वास असायचा. खोकला तर शेवटपर्यंत गेला नाही.

हातावर पोट म्हणजे काय ते मला तुमच्याकडून शिकायचं नाही.

‘चिंता करू नका’ या ज्या वचनावर तुम्ही चिडलात ते मी पहिल्यांदा ऐकलं ते त्याच बोळात. मंडळीतल्या बायबलबाई गुरुवारी दुपारी यायच्या. बायकांना हात थांबवून चालत नाही, म्हणून त्या मधे पाटावर बसून मोठ्यानं वाचायच्या. आईला वाचता येत नव्हतं. एकदा मत्तयाचा सहावा अध्याय काढला होता. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत. रानातली फुलं कष्ट करत नाहीत, कातत नाहीत. वडील मिलमध्ये स्पिनिंग खात्यात होते. रात्रपाळी करून आत बाजेवर पडले होते. ‘कातत नाहीत’ ऐकल्यावर डोळे न उघडता म्हणाले, “मग त्यांना मिलमध्ये कोण घेतंय?” बाया इतक्या हसल्या की एकीचं सूप पडलं. बायबलबाईसुद्धा हसल्या. नंतर मी पुण्यात सेमिनरीत या अध्यायावर मोठमोठी पुस्तकं वाचली, पण वडिलांइतकं थेट भाष्य कुणी केलेलं सापडलं नाही.

तुमचा गैरसमज हा की हे वचन भरल्या पोटाच्या माणसानं रिकाम्या पोटाला सुनावलंय. अध्याय उघडा. पंचविसाव्या वचनाच्या आधी अकरावं वचन येतं: ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.’ रोजची, आणि तीही आज. वर्षाचं धान्य भरलेलं घर असं मागत नाही. हे मागणं रोजंदारीवाल्याचं. त्या काळी मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत हातावर ठेवावी असा नियमशास्त्रात हुकूमच आहे, बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात आहे. येशूच्या एका दाखल्यात मजूर बाजारात कामाची वाट बघत उभे आहेत. कुणाला सकाळी काम मिळतं, कुणाला दिवस मावळायला तासभर असताना. आपल्याकडे सकाळी नाक्यावर घमेलं-फावडं घेऊन उभी असतात ना, तशी ती माणसं. समोर बसलेले लोक तेच होते. सांगणाऱ्यालाही डोकं टेकायला जागा नव्हती. त्यानं त्यांना काम करू नका म्हटलं नाही. उद्याचं ओझं आजच्या पाठीवर घेऊ नका म्हटलं, आजचं दुःख आजच्याला पुरे आहे म्हणून. माझ्या आईला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. साठ विड्या मोडल्या त्या संध्याकाळी ती तेच म्हणाली होती, फक्त वचनाचा आकडा तिला ठाऊक नव्हता.

मग मिल बंद पडली. नाव घेत नाही. या गावात बंद मिलचं नाव घ्यायची गरज पडत नाही, ज्याच्या घरात घडलं त्याला कळतं. गेटवर नोटीस लागली तेव्हा मी कॉलेजला होतो. वडिलांची देणी अडकली ती अडकलीच. भोंगा बंद झाला, तरी ते पहाटे त्याच वेळेला उठून ओट्यावर बसायचे. खरं तर उठायचे म्हणणं चूक, झोपलेलेच नसायचे. चादरीच्या कारखान्यात कुणीतरी काम देऊ केलं, गेले नाहीत. जेवायला हाक मारली तर ऐकू यायची नाही. दोन वर्षं आईच्या विड्यांवर घर चाललं. मंडळीतली वडीलधारी माणसं यायची, प्रार्थना करायची, खांद्यावर हात ठेवायची. आणि माझे वडील सावरले. ही माझी साक्ष आहे आणि ती साखरेत घोळलेली नाही. मी या सेवेत आलो तो त्या ओट्यावरून आलोय, कुठल्या बंगल्यातून नाही.

तेव्हा ‘पगार’ हा शब्द माझ्या तोंडावर फेकण्याआधी थोडं विचारायचं होतं. मंडळी मला जे देते त्याला मानधन म्हणतात. ते किती हे वार्षिक सभेत वाचून दाखवलं जातं, तुम्ही सभासद असाल तर तुम्हीही ऐकलं असेल. पौल तंबू शिवून पोट भरायचा, हे मला माहीत आहे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण पुढच्या वेळी लिहाल म्हणून आधीच सांगून ठेवतो. मीही सुरुवातीची सहा वर्षं शिकवण्या घेतल्या आहेत.

बायकोची ओळ. ‘घरात दोन पगार असताना देवावर भरवसा ठेवणं परवडतं.’ ती शाळेत शिकवते, हो. सकाळी साडेसहाला डबा करून निघते. चार-पाच दिवसांआड पाणी येतं त्या दिवशी पहाटे उठून भांडी, बादल्या, टाकी भरून मग निघते. तिनं तुमचं काय घोडं मारलं? तिच्या पगारामुळे आमच्या घराला आधार आहे हे मी कधी लपवलेलं नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे तेही मला कळलेलं नाही. प्रतिक्रिया मी काढलेली नाही, ती ओळ तेवढी झाकली आहे. माझ्यावर काय लिहायचं ते लिहा.

यिर्मयाबद्दल फार लिहीत नाही. एकोणतिसावा अध्याय हे बाबेलात (बॅबिलोनला) बंदिवान करून नेलेल्या लोकांना पाठवलेलं पत्र आहे, आणि ‘हिताचे संकल्प’ या वचनाच्या आधीच्याच वचनात 70 वर्षं थांबा असं आहे, हे मला माहीत नाही असं तुम्हाला वाटलं असेल तर कमाल आहे. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा हेही त्यातच आहे. लेख दीड पानाचा होता. सगळं कुठं बसवणार? आणि मे महिन्यात त्रेचाळीस अंशाच्या उन्हातून आलेल्या माणसाला ‘अजून 70 वर्षं’ एवढंच सांगून कुणाला धीर आलाय?

रमाबाईंचं नाव मात्र असं सोट्यासारखं वापरू नका. केडगाव आमच्या पुण्याच्या गाडीच्या वाटेवर आहे. सेमिनरीत जाता-येता मी ते स्टेशन किती वेळा पाहिलं असेल याची गणती नाही. 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी मुली आणल्या, हे सगळे सांगतात. त्याच रमाबाई आयुष्याच्या शेवटापर्यंत हिब्रू आणि ग्रीक समोर ठेवून सबंध पवित्र शास्त्र मराठीत उतरवत बसल्या होत्या. साध्या बाईला कळेल अशा मराठीत. 1922 ला त्या गेल्या, 1924 ला ते पूर्ण छापून निघालं. त्यांना कुणी विचारलं असेल का, बाई, हे लिहीत काय बसलात म्हणून? माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, त्यांच्या पायाशी बसायची लायकी नाही. पण लिहिणं म्हणजे रिकामटेकडेपणा असं तुम्ही म्हणता तेव्हा त्यांचं अर्धं आयुष्य कापून टाकता. वचन अर्धं कापण्याबद्दल मला बोललात म्हणून लक्षात आणून दिलं.

राहिली ती बहीण, जिला झोप लागत नाही. त्यावर मी इथं बोलणार नाही. मी डॉक्टर नाही आणि डॉक्टरकडे जाऊ नका असं मी कुठंही लिहिलेलं नाही, लेख परत वाचा. माझ्या वडिलांसाठीही कुणी डॉक्टर आणला नव्हता. तेव्हा कुणाच्या डोक्यातच यायचं नाही, ताप नाही, दुखणं नाही, डॉक्टरला दाखवायचं काय? आणि ते सावरले. म्हणजे दोन वर्षांनी बोलायला लागले, जेवायला लागले. पहाटे ओट्यावर बसणं सुटलं नाही. गेले त्या वर्षापर्यंत बसायचे.

हे वरचं चार ओळींचं मी दोनदा काढून टाकलं आणि दोनदा परत घातलं. ठेवतो.

त्या बहिणीला मी रविवारी उपासनेनंतर भेटणार आहे, बायकोला सोबत घेऊन. तिच्याशी काय बोलायचं ते तिच्याशी बोलेन, इथं त्याचा पाढा वाचणार नाही, आणि तुम्हीही ती कोण असेल याचे अंदाज खाली लिहीत बसू नका. दोघांनी तसं लिहिलं होतं, त्या प्रतिक्रिया काढल्या आहेत.

आणि तुम्ही मंडळीतलेच असाल, असा मला दाट संशय आहे, कारण ‘साखरेत घोळलेली गोळी’ हे शब्द मी गेल्या प्रार्थना सभेनंतर चपला घालताना कुणाच्या तरी तोंडून ऐकले होते. रविवारी चहाला थांबा. नाव सांगा नाहीतर सांगू नका, कप मीच भरून देतो.

जय ख्रिस्त.