सिमेंट वाढवलं म्हणून तडे थांबत नाहीत

घर बांधणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. भिंतीला तडा जातो तो सिमेंट कमी पडल्यामुळे, म्हणून एकास तीनचा माल (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) वापरा आणि भिंतीत सांधा, म्हणजे मुद्दाम सोडलेली उभी फट, ठेवूच नका. सांध्यामुळे भिंत दुबळी होते, पाणी आत शिरतं, असा त्याचा आशय. लोक हे वाचून पैसे घालतात, म्हणून उत्तर देतोय.

सिमेंट वाढवलं की माल वाळताना जास्त आकसतो. शिवाय तो विटेपेक्षा कडक झाला की ताण आल्यावर दरज, म्हणजे विटांमधला मालाचा थर, सुटत नाही, वीटच चिरते. दरज पुन्हा भरता येते, चिरलेल्या विटेचं काय करणार? साध्या विटकामाला एकास सहा पुरतो.

मुळात भिंत हलते. 10 मीटर काँक्रीट 30 अंशांनी तापलं तर सुमारे 3 मिलिमीटर वाढतं. भट्टीतून आलेली वीट ओलावा घेऊन वर्षानुवर्षं किंचित फुगत राहते, सिमेंटचे ब्लॉक उलट आकसतात. एका सोसायटीच्या गच्चीचा लांबलचक कठडा मी पाहिला. तीनदा पुट्टी भरूनही तडा तिथेच. मे महिन्यात भर दुपारी त्यात पोस्टकार्ड शिरत नव्हतं, जानेवारीच्या पहाटे दोन सहज शिरली. असा तडा पुट्टीने कसा बुजणार? शेवटी दर 5 मीटरवर कठडा आरपार कापून सांधे दिले.

भिंत दुबळी होते म्हणाल, तर सांध्यावर स्टीलच्या पट्ट्या अशा बसवतात की भिंत लांबीत सरकते, पण बाहेर झुकत नाही. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकातही 45 मीटरपेक्षा लांब इमारतीला एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे असाच सांधा, सांगितला आहे.

पाण्याची भीती मात्र खोटी नाही. सांधा उघडा ठेवायचा नसतो. आत फोमची दोरी, वर लवचिक सीलंट, आणि काही वर्षांनी ते बदलायचं. खरी गफलत वेगळीच होते. गवंडी सवयीने फटीत माल आणि विटांचे तुकडे कोंबतो, वरून प्लास्टर सरळ ओढतो. कागदावर सांधा असतो, भिंतीत नसतो.

पाया खचल्यामुळे गेलेल्या तड्याला सांधा हा उपाय नाही, तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरच बोलवा. बाकी ठिकाणी प्लास्टरच्या आधी स्वतः जाऊन फटीत पट्टी घालून बघा. ती आरपार गेली तरच प्लास्टर करू द्या.