दीड दिवसाचा कोर्स

घसा खवखवतोय? डॉक्टरकडे मुळीच जाऊ नका. कॉलेज रोडला गाडी लावायला जागा नाही, आणि मिळालीच तर आत नंबर सतरावा. त्यापेक्षा फ्रिजवरचा श्रीखंडाचा रिकामा डबा काढा. आमच्याकडे आहे, तुमच्याकडेही असणारच. त्यात मागच्या पावसाळ्यातल्या ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या सापडतील. पट्टी कात्रीने अशी कापलेली, की एक्स्पायरीची तारीख नेमकी गेली. लाल रेघ तेवढी शाबूत. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, असं ती सांगते म्हणे. आपण नक्षी समजायची.

सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा, आणि ही गोळी मारते जिवाणूंना. असू दे. विषाणू मजेत राहतो, मार खातात पोटातले गरीब जिवाणू. नाजूक मरतात, निबर उरतात.

आजार खरोखर जिवाणूंचा निघाला आणि डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले, तर? गणपती दीड दिवसाचा चालतो, मग कोर्स का नाही? ताप उतरला की विसर्जन. अर्धवट मार खाऊन वाचलेल्यांचा वंश वाढू द्या. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूला मनासारखं वातावरण मिळालं तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी नऊला मिसळीच्या वेळी एक होता, तो एकच्या जेवणाला चार हजारांवर.

शिवाय मंडळी गुणी. कुणी पेनिसिलिनच्या रेणूतली कडीच तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतो, कुणी आत शिरलेलं औषध पंप लावून बाहेर फेकतो. आणि ही विद्या स्वतःपाशी ठेवत नाहीत. शेजारणीने विरजण मागावं, तसं प्लास्मिड नावाचं जनुकांचं कडं एक जिवाणू दुसऱ्याला देतो, परक्या जातीच्यालाही. देणाऱ्याचं काही कमी होत नाही. आपल्या सोसायटीत पार्किंगवरून बोलणं बंद आहे, ते सोडा.

शेतातही हातभार लागलाच. नाशिककडच्या कसमादेत डाळिंबावर तेल्या हा जिवाणूंचा रोग आला की वर्षानुवर्षं स्ट्रेप्टोमायसिन असलेली पावडर फवारली गेली. हेच स्ट्रेप्टोमायसिन क्षयावरचं पहिलं प्रभावी अँटिबायोटिक. क्षयाचे काही जंतू आता कितीतरी औषधांना दाद देत नाहीत, तो भाग वेगळा.

कमी डोस दिलात तर जंतू सरावतील, असं पेनिसिलिन शोधणारा फ्लेमिंग १९४५ साली नोबेलच्या भाषणातच बजावून गेला. शास्त्रज्ञच तो, त्याला कुठे माहीत, आपल्या मेहुण्यालाही असाच घसा झाला होता आणि दोन गोळ्यांत बरा झाला.

उरलेली एक त्यालाच द्या. आणि डब्याचं झाकण घट्ट लावा, दमट हवेने गोळ्या खराब होतात.